मुलांना लक्ष्य करणारे दहशतवादी हल्ले : दोष कुणाचा, आणि वर्गात तो मांडायचा कसा?

मलप्रभाकाठ (खानापूर) :

नमस्कार मंडळी. नववी-दहावीच्या मराठी माध्यमाच्या ३८ मुलांसाठी १६ डिसेंबरच्या आठवड्यात ४० मिनिटांचे लागोपाठ दोन तास मिळालेत. विषय आहे पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलवरचा २०१४ चा हल्ला आणि अशा हल्ल्यांचा नैतिक दोष. भाषण नको, चर्चा हवी.

मुलांकडून आधी एकेक परिच्छेद लिहून घेतला. बहुतेकांनी वाटणी केली आहे : दहशतवादी ५० टक्के, सरकार ३०, समाज २०. 'त्यांच्यावरही अन्याय झाला होता' हे वाक्य एकतर कुठेच नाही, नाहीतर आलंच तर पुढचा सगळा दोष पुसून टाकतं. आणि 'निष्पाप कोवळ्या जिवांनी काय पाप केलं होतं' हे वक्तृत्व स्पर्धेतलं वाक्य ३८ पैकी ३१ वह्यांत आहे, पण मुलांना मारणं जास्त वाईट का, याचं कारण एकानेही दिलेलं नाही.

तर टक्केवारी खोडायची कशी? हल्लेखोरच पोर असेल तर काय सांगायचं? आणि महाभारतातलं सौप्तिकपर्व (अश्वत्थाम्याने रात्री झोपलेल्या पांडव छावणीत केलेली कत्तल) इथे वापरावं का, की उगाच धर्म आणल्यासारखं होईल?

कोर्टरोड (बेळगाव) :

टक्केवारी आधी खोडा, बाकीचा गुंता तिथूनच निघतो.

मुलं दोषाची वाटणी वडिलार्जित शेतासारखी करतात. एकराचे ४० गुंठे, धाकट्याच्या उताऱ्यावर १५ चढले की थोरल्याला २५ च उरतात. दोषाचा उतारा असा चालत नाही. सरकारच्या नावावर कितीही चढवा, गोळी झाडणाऱ्याच्या नावावरचा एक गुंठाही कमी होत नाही. फळ्यावर दोन उतारे शेजारी-शेजारी काढा, एक शेताचा आणि एक दोषाचा. दुसऱ्यावर प्रत्येक नावापुढे पूर्ण क्षेत्र लिहा. मुलं म्हणतील, सर, हे कसं शक्य आहे, बेरीज ४० च्या वर जाते की. जाऊ दे. तेच तर दाखवायचं आहे.

कायद्यानेही हे मानलंय. भारतीय न्याय संहितेचं कलम ३(५), म्हणजे जुन्या भादंविचं ३४ : सामाईक इराद्याने अनेकांनी मिळून गुन्हा केला, तर प्रत्येक जण तो जणू एकट्यानेच केल्यासारखा जबाबदार. पाच जण होते म्हणून कुणाच्या वाट्याला पाचवा हिस्सा येत नाही. शिक्षेला मात्र पायऱ्या आहेत. दहशतवादी कृत्याच्या कलम ११३ मध्ये मृत्यू झाला तर फाशी किंवा जन्मठेप. कट, चिथावणी, मदत यांना किमान ५ वर्षं ते जन्मठेप. म्हणजे शिक्षा मोजून देता येते, दोष वाटून देता येत नाही. या दोन गोष्टी मुलं हमखास एकत्र करतात.

त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांत चार शब्द सुटे करून द्या : कारण, जबाबदारी, दोष, शिक्षा. आपल्या मुलांना एक सोय आहे. कन्नडच्या तासाला 'तप्पु' आणि 'होणे' हे दोन शब्द त्यांनी वेगवेगळे ऐकलेले असतात. तप्पु म्हणजे चूक, होणे म्हणजे जबाबदारी (आपल्या 'होणे' क्रियापदाशी संबंध नाही, एखादा विचारेलच). होणे अंगावर असूनही तप्पु नसू शकतो, हे त्या दोन शब्दांतून पटकन समजतं.

उदाहरणाला बेस्लान घ्या. १ सप्टेंबर २००४, रशियात शाळेचा पहिला दिवस, आईबापही मुलांबरोबर आलेले. अकराशेच्या वर ओलीस, त्यातले बहुतेक व्यायामशाळेत कोंडलेले. तिसऱ्या दिवशी शेवट झाला तेव्हा ३३४ मृत, त्यात १८६ मुलं. चेचेन बंडखोर नेता शामिल बसायेवने हल्ल्याची जबाबदारी घेतली आणि त्याच दमात मृत्यूंचं खापर रशियन सरकारवर फोडलं. पुढे २०१७ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने सरकारलाही दोषी धरलं : हल्ल्याची आगाऊ माहिती असून पुरेशी पावलं उचलली नाहीत, कारवाईला एकहाती नेतृत्व नव्हतं, ओलीस आत असताना रणगाड्याची तोफ, ग्रेनेड लाँचर, ज्वाळाफेकी शस्त्रं वापरली. निकालाने बसायेवचा दोष एक कणही हलका झाला नाही. मुलांना शाळेत कोंडून भोवती बॉम्ब टांगायचं ठरवलं त्याने, आणि सरकारचा दोष सरकारने स्वतः जे केलं आणि केलं नाही त्याचा. दोन खाती, दोन जमाखर्च.

अनगोळ_७७ :

सर, हे वकिली झालं. नववीच्या पोराला 'सरकारही दोषी' एवढंच लक्षात राहतं आणि मारणारा मागे पडतो. या विषयात सरकारचं नावच घेऊ नये असं माझं मत. खुन्याला निमित्त आपण का पुरवायचं?

कोर्टरोड (बेळगाव) :

अनगोळ, नाव घेतलं नाही तर पोरं स्वतःच घेतात, मोबाइल आहे की हातात. मग ते मोजमाप न करता घेतलं जातं. क्रम तेवढा सांभाळा. आधी 'कुणी ठरवलं' या प्रश्नाचं पूर्ण उत्तर फळ्यावर येऊ द्या, मगच 'कुणाला थांबवता आलं असतं' हा प्रश्न काढा. उलटा क्रम ठेवला तर तुमची भीती खरी ठरते.

मारणारे हाच उलटा क्रम मुद्दाम लावतात. वॉरिंग्टन, इंग्लंड, २० मार्च १९९३. शनिवारचा बाजार, उत्तर आयर्लंडमधली ब्रिटिश सत्ता हटवू पाहणाऱ्या आयरिश रिपब्लिकन आर्मीने कचऱ्याच्या डब्यांत ठेवलेले दोन बॉम्ब, ३ आणि १२ वर्षांची दोन मुलं गेली. संघटनेचं म्हणणं काय, तर इशारा आधीच दिला होता, अधिकाऱ्यांनी मुद्दाम दुर्लक्ष केलं, म्हणून दोष त्यांचा. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे फोनवर दुकानाचं नाव होतं, वॉरिंग्टनचं नव्हतं; शोध लिव्हरपूलमध्ये सुरू झाला. पण समजा इशारा अगदी चोख होता. तरी डब्यात बॉम्ब ठेवणारा हात कुणाचा? स्वतः पेटवलेल्या घराला पाणी मारायला दुसरा उशिरा आला, एवढ्याने पेटवणारा सुटत नाही.

युद्धाचे नियम घालणाऱ्या १९७७ च्या जिनिव्हा जादा करारातलं कलम ५१ हेच दुसऱ्या बाजूने सांगतं. समोरच्याने नियम मोडले म्हणून नागरिकांविषयीचं तुमचं बंधन सुटत नाही. दोन्ही बाजूंना लागू.

वेदगंगा (निपाणी) :

सौप्तिकपर्व जरूर घ्या. या विषयावर मराठी मुलांच्या ओळखीचं त्याहून नेमकं काही नाही. धर्म आणल्यासारखं होत नाही, कारण ते पर्व कुणाचीही बाजू घेत नाही. फक्त 'अश्वत्थामा जखमेला तेल मागत फिरतो' इथेच थांबू नका, ते मुलांना आजीकडून माहीत असतं. त्याच्या आधीचा संवाद वाचून दाखवा.

रात्री झाडाखाली घुबड झोपलेल्या कावळ्यांना मारतं, ते पाहून अश्वत्थाम्याला कल्पना सुचते. कृपाचार्य अडवतात : झोपलेल्याला, शस्त्र टाकलेल्याला मारू नये. अश्वत्थामा हे खोटं ठरवत नाही. तो म्हणतो, खरं आहे, पण धर्माचा बांध पांडवांनी आधीच शंभर ठिकाणी फोडलाय. आणि भीष्म, द्रोण, कर्ण कसे मारले ते मोजून दाखवतो. त्यातलं बरंचसं खरंही आहे. मग म्हणतो, पुढच्या जन्मी किडा-पतंग झालो तरी चालेल, पण हे करणार.

याच जागी तास थांबवा आणि विचारा : तक्रार खरी आहे, मग दोष कमी झाला का? मुलं गोंधळतील. त्या गोंधळाला पाच मिनिटं द्या, लगेच उत्तर सांगू नका. उत्तर कथेतच आहे. ज्यांनी द्रोणांना फसवलं त्यात द्रौपदीची पाच मुलं नव्हती. तक्रार एकाविरुद्ध आणि तलवार दुसऱ्यावर, एवढं कळलं की 'त्यांच्यावरही अन्याय झाला होता' या वाक्याची जागा ठरते. ते कारण सांगतं, पण त्या मुलांपर्यंत पोचत नाही.

आणखी दोन जण बघा. कृपाचार्य आणि कृतवर्मा. एकाने विरोध केला होता. पण मग दोघंही छावणीच्या दारात उभे राहिले, पळून येणाऱ्यांना कापलं, तीन ठिकाणी आग लावली. 'मी आधी नको म्हटलं होतं' याने कृपाचार्यांचा किती दोष जातो? माझ्या मते काहीच नाही. उलट कळत होतं हे सिद्ध होतं. आणि मांडी मोडून पडलेला दुर्योधन, ज्याने मरता मरता अश्वत्थाम्याला सेनापती नेमलं. हल्ल्याच्या साखळीतली जवळजवळ सगळी माणसं त्या एका रात्रीत सापडतात.

याच्या समोर मॉस्को, फेब्रुवारी १९०५ ठेवा. इव्हान कल्यायेव नावाचा क्रांतिकारक बॉम्ब घेऊन ग्रँड ड्यूक सर्गेईच्या गाडीची वाट बघत होता. गाडी आली, तो पुढे झाला, आत ड्यूकची बायको आणि भावाची दोन मुलं दिसली. त्याने हात खाली घेतला. दोन दिवसांनी ड्यूक एकटा असताना त्याने बॉम्ब टाकला आणि पुढे फाशी गेला. त्याला संत करायची गरज नाही, खून तो खूनच. पण तोच हेतू, तोच आदेश, हातात तोच बॉम्ब, आणि तरी मुलं दिसल्यावर थांबता आलं. म्हणजे 'परिस्थितीने आम्हाला भाग पाडलं' हे मुलांच्या बाबतीत खोटं आहे. मुलांना मारायचं हा वेगळा घेतलेला निर्णय असतो, त्याचा वेगळा दोष असतो.

कोर्टरोड (बेळगाव) :

निपाणीकरांनी तुमच्या 'निष्पाप' वाक्याचं उत्तर जवळजवळ दिलंय, एक-दोन गोष्टी जोडतो.

मुलाचा जीव मोठ्याच्या जिवापेक्षा मौल्यवान, असं शिकवू नका. पेशावरमध्ये मुख्याध्यापिकाही मारल्या गेल्या, त्या काय कमी निष्पाप होत्या? फरक मारणाऱ्याच्या बाजूला आहे. मोठ्या माणसाबद्दल तो काहीतरी खोटंनाटं तरी रचू शकतो : मत दिलंस, कर भरलास, गणवेश घातलास. मुलाबद्दल तेही रचता येत नाही. 'उद्या हीच पोरं सैन्यात जातील' हा युक्तिवाद कुणी वर्गात काढला तर सावध राहा. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, खानापूरच्या वर्गात सैनिकांची मुलं असणारच. उत्तर सरळ आहे. न केलेल्या गोष्टीचा दोष कुणावर बसत नाही, मग तो मोठा होऊन काहीही होवो.

दुसरं म्हणजे मूल तिथे चुकून सापडलेलं नसतं. पेशावरात हल्ला करणाऱ्या पाकिस्तानी तालिबानच्या प्रवक्त्याने उत्तर वझिरिस्तानातल्या लष्करी कारवाईचा बदला म्हणून सांगितलं. आमच्या घरच्यांचं दुःख त्यांनाही कळू दे, असा सूर होता. म्हणजे १३२ विद्यार्थी हे आईबापांना दुखवायचं साधन. मूल जितकं लहान, तितका घाव खोल, म्हणूनच निवडलेलं. हे समजून-उमजून होतं, रागाच्या भरात होत नाही. मागच्या भिंतीवरून आत येऊन ते थेट सभागृहाकडे गेले, जिथे मुलांना प्रथमोपचार शिकवत होते. आणि अफगाण तालिबाननेही या हल्ल्याचा निषेध केला, हे मुलांना जरूर सांगा.

चिकोडी_समुपदेशन :

हल्लेखोर मूल असेल तर, याबद्दल. इथे दोन अगदी वेगळी प्रकरणं आहेत, ती मिसळू देऊ नका.

नायजेरियात २०१४ नंतर बोको हराम या अतिरेकी गटाने लहान मुलींच्या अंगावर स्फोटकं बांधून त्यांना बाजारात पाठवलं. त्या मुलीचा दोष शून्य, तीही बळीच. बांधणाऱ्यावर तिचा खून आणि बाजारातल्या माणसांचे खून, दोन्ही. आपल्या कायद्यात ७ वर्षांखालच्या मुलाचं कुठलंही कृत्य गुन्हा ठरत नाही, ७ ते १२ मध्ये समज किती होती ते पाहतात. अतिरेकी गटाने मुलाला वापरलं तर बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ८३ खाली ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख दंड. वर्गात आकडा सांगितला की 'एवढंच?' असा आवाज येतो, येऊ द्या. खुनाचं कलम त्यावर वेगळं लागतं, हे लगेच जोडा.

दुसरं प्रकरण डॉमिनिक ओंगवेनचं. युगांडातल्या बंडखोर गटाने त्याला लहानपणी पळवलं, पुढे तोच त्या गटाचा कमांडर झाला. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०२१ मध्ये ६१ आरोपांवर दोषी धरून २५ वर्षं दिली. दबावाखाली केलं हा बचाव नाकारला, पण शिक्षा ठरवताना त्याचं अपहरण लक्षात घेतलं. दहावीच्या मुलांना हे अवघड जात नाही. ज्याच्यावर अन्याय झाला तोच पुढे मोठा होऊन निवड करू लागला, दोन्ही गोष्टी एका माणसाबद्दल खऱ्या. शिक्षा थोडी उतरते, दोष तिथेच राहतो.

आता वर्गातल्या धोक्यांबद्दल. पेशावरचे फोटो आणि व्हिडिओ अजिबात दाखवू नका, सभागृहाचे तर नाहीच. आदल्या दिवशीच सांगा की शोधूही नका. घरात नुकताच मृत्यू झालेलं मूल असेल तर वर्गशिक्षकाला आधी विचारा आणि त्याला बाहेर बसायची मुभा द्या, कारण न विचारता. आणि दुसऱ्या तासाच्या शेवटी तरी १० मिनिटं दुसऱ्या विषयाची ठेवा. घंटा झाल्याबरोबर अशा विषयातून थेट डबा खायला गेली की काही मुलं रात्री झोपत नाहीत.

एक फसणारी जागा म्हणजे फाशी. हा शब्द एकदा आला की उरलेला तास खातो. फळ्याच्या कोपऱ्यात 'फाशी : पुढच्या वेळी' लिहून ठेवा, म्हणजे विचारणाऱ्यालाही बरं वाटतं.

अनगोळ_७७ :

क्रमाचं पटलं. पण लष्कराच्या हल्ल्यात मुलं मरतात त्याचं काय? ते कुणी विचारलं तर 'तो विषय नाही' म्हणून चालणार नाही.

कोर्टरोड (बेळगाव) :

नाही चालणार. तीच मोजपट्टी लावा. काबूल, २९ ऑगस्ट २०२१ : अमेरिकेच्या ड्रोन हल्ल्यात १० नागरिक गेले, त्यात ७ मुलं. आधी अतिरेकी मारल्याचं सांगितलं, सप्टेंबरमध्ये चूक कबूल केली, डिसेंबरमध्ये कुणावरही शिस्तभंगाची कारवाई नाही असं जाहीर केलं. मुलांना मारायचं ठरवलेलं नव्हतं, म्हणून हा पेशावरच्या जातीचा दोष नव्हे. पण गाडीत कोण आहे याची खात्री किती केली, शंका आल्यावर काय केलं, नंतर खरं कधी सांगितलं, हे प्रश्न उरतात आणि त्यांचा दोष खरा आहे. 'चुकून' म्हटलं की खातं बंद होत नाही.

मलप्रभाकाठ (खानापूर) :

सगळ्यांचे आभार. आता आराखडा असा धरलाय. ३८ मुलांचे सहा गट, चार गट सहा-सहाचे, दोन सात-सातचे. प्रत्येक गटाला एक कार्ड : गोळी झाडणारा, त्याला पाठवणारा, पैसा आणि आसरा देणारा, आगाऊ माहिती असून गप्प बसलेला अधिकारी, हल्ल्यानंतर समर्थन करणारा, आणि सहावं कार्ड, हल्लेखोराच्याच धर्माचा किंवा भाषेचा माणूस, ज्याचा काडीचाही संबंध नाही. प्रत्येक कार्डाला चार प्रश्न : काय माहीत होतं, काय ठरवलं, काय टाळता आलं असतं, नंतर काय केलं. पहिला तास शब्द आणि सौप्तिकपर्व, दुसरा तास कार्डं.

सहाव्या कार्डावर गटाने काहीतरी दोष शोधून काढायचा प्रयत्न केला तर काय करायचं, एवढंच राहिलं. गट म्हटला की मुलांना उत्तर रिकामं ठेवायला आवडत नाही.

वेदगंगा (निपाणी) :

करतीलच. 'त्याने निषेध करायला हवा होता' असं लिहितील, खात्री बाळगा. तेव्हा कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावरची गोष्ट काढा. इकडे एका बसला काळं फासलं की तिकडे लालपरी अडते, आणि दोन्हीकडचे ड्रायव्हर-कंडक्टर, ज्यांनी कुणाचं काही केलेलं नाही, ते मार खायच्या भीतीने डेपोत बसतात. दहशतवादाशी त्याची तुलना नाही, हे स्पष्ट सांगा, नाहीतर भलतंच ऐकू येईल. पण 'त्यांच्यातला आहे म्हणजे दोषी' हा हिशेब कसा वाटतो, ते निपाणी-खानापूरच्या पोराला वेगळं समजवावं लागत नाही.

आणि निषेध न केल्याचं म्हणाल, तर त्यांना विचारा : ओस्लोजवळच्या उतोया बेटावर २२ जुलै २०११ ला एका नॉर्वेजियन माणसाने ६९ जणांना मारलं, त्यात कितीतरी शाळकरी वयाची मुलं. कोर्टात म्हणाला, कृत्य मान्य, गुन्हा मान्य नाही, मला ते करणं भाग होतं. त्या दिवसानंतर नॉर्वेच्या किती माणसांकडे आपण निषेध मागितला?

चिकोडी_समुपदेशन :

सहावं कार्ड सात मुलांच्या गटाला देऊ नका, सहाच्या द्या. रिकामं उत्तर घेऊन उभं राहायला गट लहान असलेला बरा. आणि ते कार्ड कुठल्या गटाला जातंय ते चिठ्ठ्या टाकून ठरवू नका. वर्गातली अल्पसंख्य मुलं ज्या गटात असतील, त्या गटाला ते चुकूनही जाता कामा नये.

मलप्रभाकाठ (खानापूर) :

हे लक्षात आलं नव्हतं. कार्डांवर आधीच नावं लिहून ठेवतो.